घरसासऱ्याचा स्टेट टॅक्स

घरजावई सगळ्यांना माहीत असतो. मी घरसासरा आहे. हा शब्द मी स्वतः काढलाय, कारण माझ्यासारखा माणूस आमच्या गावात आधी कुणी पाहिला नव्हता. मॉरिसव्हिलमध्ये लेकीच्या घरी राहतो, जावयाच्या सोफ्यावर बसतो, त्यांच्याच फ्रिजमधलं दही संपवतो आणि वर आंबट होतं म्हणून सांगतो. आज हे मी छाती पुढं काढून बोलतोय, पण परवा-परवापर्यंत बोलत नव्हतो. तोवर मी जॉर्जियाचा माणूस होतो. अल्फारेटाचा, मुलाकडचा. आणि इकडं नॉर्थ कॅरोलायनात आपला चार दिवस आलेला पाहुणा. हे चार दिवस काही केल्या संपेनात, आणि त्यांचा निकाल शेवटी लागला तो स्टेट टॅक्स भरताना.

आधी माझं शिक्षण सांगतो, म्हणजे पुढं जे होईल त्याचं नवल वाटणार नाही. मी सहावीपर्यंत शिकलो. सहावीत गेलो हे खरं, बाहेर कसा पडलो ते मास्तरांना माहीत. एवढी वर्षं त्या बाकावर बसलो की बाकाला माझा आकार आला होता. मग टेम्पो चालवला. साताऱ्याकडची भाजी पुण्याच्या मार्केट यार्डात टाकायची आणि रिकामा टेम्पो घेऊन परत यायचं. त्या टेम्पोवर पोरगा इंजिनियर झाला, पोरगी औषधांचं शिकली. मी काय केलं? गाडी चालवली. डोकं दोघांना आईचं मिळालं, हे सगळं गाव सांगतं आणि मीही सांगतो. ही गेल्यावर पोरानं माझे ग्रीन कार्डाचे कागद केले आणि मला अल्फारेटाला आणलं.

पोराचं घर मोठं आहे. मला वर खोली दिली. गुडघे माझे खालीच राहायचे, मी वर जायचो. तिथं मी गाडीचं लायसन्स काढलं. एवढी वर्षं घाटातनं टेम्पो चालवलेला माणूस, मोकळ्या मैदानात दोन खांबांच्या मधे गाडी लावायला सांगितली तर एक खांब आडवा केला. परीक्षा घेणारी बाई म्हणाली, पुन्हा या. पुन्हा गेलो तर तीच बाई. मला बघितल्यावर तिनं आधी खांब लांब लांब लावले. पास झालो.

मग लेकीनं इथं मॉरिसव्हिलला नवीन घर घेतलं आणि म्हणाली, आबा, चार दिवस या. आलो. घर बघितलं, नातीला बघितलं, अंगणात टोमॅटो लावले. टोमॅटो लावले म्हणजे ते येईपर्यंत थांबायला पाहिजे. ते आले, तर थंडी आली. थंडीत गुडघे धरले, आणि इथं खोली खालच्या मजल्यावर. असं करत राहिलो. मधे दिवाळीला अल्फारेटाला जाऊन आलो, एका मुंजीला जाऊन आलो. मागच्या वर्षाच्या सुरुवातीला जावईबापूंनी ओळखीनं मला एका सिनियर सेंटरच्या व्हॅनवर लावून दिलं. सकाळी म्हाताऱ्या माणसांना घरून उचलायचं, सेंटरला सोडायचं, दुपारी परत घरी. त्यातली निम्मी माणसं माझ्यापेक्षा तरुण आहेत. एक काकू मला रोज विचारतात, तुम्ही कधीपासून येताय सेंटरला? मी म्हणतो, गाडी लावून आलोच.

सेंटरवाल्यांनी पत्ता विचारला तेव्हा मी अल्फारेटाचा सांगितला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मुलाचं घर तिकडं आहे, मी इथं मुलीकडं आलोय. माझ्या मते यात सांगण्यासारखं सगळं आलं होतं. आमच्याकडं बाप मुलाकडं राहतो. मुलीकडं जातो तो पाहुणा म्हणून, मग तो कितीही दिवस जाऊ दे. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, पाण्याचा घोट घेतला नव्हता. उन्हातनं चालत जायचे, ओट्यावर बसून तिची खुशाली विचारायचे आणि तसेच कोरड्या घशानं परत यायचे. त्या माणसाचा मी मुलगा, आणि मी लेकीच्या घरी काय खाल्लं नाही ते विचारा, म्हणजे यादी लहान होईल. पण मनात माझं पक्कं होतं. खातो इथं, राहतो तिकडं.

यंदा पहिल्यांदा मला टॅक्स भरायची वेळ आली. त्याआधी कमाईच नव्हती, त्यामुळं सरकारला आणि मला एकमेकांची गरज पडली नव्हती. पोराचा फोन आला. म्हणाला, आबा, फेडरलचं, म्हणजे केंद्राचं, आणि जॉर्जियाचं मी इथून बघतो. तुम्ही जॉर्जियाचे रेसिडेंट, पण पगार तिकडे मिळालाय, म्हणून नॉर्थ कॅरोलायनाचा नॉन-रेसिडेंटचा वेगळा भरावा लागेल. तो तिथल्या कुणाकडून तरी करून घ्या. मला यातलं एवढंच कळलं की दोन राज्यं माझ्या मागं लागलीत. मला बरं वाटलं. सातारा जिल्ह्यात एक तालुकासुद्धा माझ्या मागं लागला नव्हता.

लेक मला कॅरीला एका टॅक्सवाल्या बाईंकडं घेऊन गेली. बाई मूळच्या ठाण्याच्या, इकडं खूप वर्षं झालेली. ऑफिसच्या एका बाजूला नखं रंगवायचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिझ्झा, मधे या. टेबलावर चिक्कीची बशी. गाडीतून उतरताना लेकीनं बजावलं होतं, आबा, विचारतील तेवढंच सांगा. मी हो म्हटलं होतं. मी हो लगेच म्हणतो.

"काका, मागच्या वर्षी राहायला कुठं होतात?" बाईंनी विचारलं.

"अल्फारेटाला."

"सगळं वर्ष?"

"सगळं वर्ष."

त्यांनी माझ्या पगाराच्या कागदाकडं बघितलं. "आणि रोज तिथून येऊन इथं व्हॅन चालवत होता?"

अल्फारेटाहून इथं गाडीनं यायचं म्हणजे दिवस त्यातच जातो. मी पोचलो असतो तेव्हा माझे म्हातारे घरी जाऊन जेवून झोपले असते. मी म्हटलं, "तसं नाही, इकडं आलोय ना जरा."

"जरा म्हणजे?"

"चार दिवस."

लेक म्हणाली, "ताई, आबांच्या चार दिवसांना पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील."

बाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि मला नीट समजावून सांगितलं. माणूस आपलं कायमचं घर म्हणून एका राज्याचा असतो. दुसऱ्या राज्यात नुसता कामापुरता येत-जात असेल तर तिथं तो नॉन-रेसिडेंट. मुलगा म्हणतो तसं तुम्ही खरंच जॉर्जियाचे असाल, तर मी तसा भरते, दहा मिनिटांचं काम आहे. पण ते खरं असायला पाहिजे. राहता कुठं, आणि बाहेर गेलात की परत कुठं येता, हे बघतात.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी एकेक सांगायला. डॉक्टर कुठले? म्हटलं, इथले, पण ते फार बोलत नाहीत म्हणून. गोळ्या कुठून येतात? कोपऱ्यावरच्या दुकानातून, तिथली पोरगी मला नावानं ओळखते, कारण मी दर वेळी चुकीच्या रांगेत उभा राहतो. कपडे? म्हटलं, निम्मे इथं. लेक म्हणाली, निम्मे नाही ताई, सगळे इथं. तिकडे एक कोट आहे आणि एक स्वेटर. लायसन्स? जॉर्जियाचं. हे मात्र मी खिशातून काढून टेबलावर आपटलं. माझा एकच हुकमाचा पत्ता होता. बाईंनी तो बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, इथल्या मराठी मंडळात जाता का?

इथं मी फसलो. मंडळाचा विषय निघाला की मला राहवत नाही. मी सांगत सुटलो की मंडळाच्या नाटकात मी आहे. मागच्या खेपेला मला एक वाक्य दिलं होतं, ते मी एवढं लांबवलं की हिरोला घाम फुटला. म्हणून यंदा मला मुक्याचं काम दिलंय. बाई हसल्या. मी आणखी सुटलो. मागच्या अंगणात मी कपडे वाळत घालायला दोरी बांधली, ते सांगितलं. इथल्या सोसायटीला दोरी चालत नाही, त्यांचं पत्र आलं. मी दोरी काढली आणि गॅरेजमध्ये बांधली, तर आता जावईबापूंना गाडी आत घेताना माझ्या लुंगीखालून घ्यावी लागते. बाई पुन्हा हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मी हसवत होतो आणि त्या लिहीत होत्या. असं कोर्टात कुणी स्वतःच्याच विरुद्ध वकीलपत्र घेतलं नसेल.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगताय त्यावरून तुम्ही इथलेच. पूर्ण वर्षाचे रेसिडेंट. जॉर्जियाला तुम्ही जाऊन येता."

मी म्हटलं, "नाही नाही ताई, ते जमणार नाही."

"का?"

"हे बघा, कागद काय म्हणायचं ते म्हणू दे. मुलीच्या घरी बाप पाहुणाच असतो. मी इथं पाहुणा आहे."

हे मी न हसता म्हटलं. त्यामुळं सगळ्यांना ते नीट ऐकू गेलं. लेकीनं पर्स उचलली आणि बाईंना म्हणाली, आम्ही विचार करून येतो. चिक्की उचलायला मी हात पुढं केला होता, तो तसाच मागं घेतला.

गाडीत ती बोलेना. मी दोन विनोद केले. एक पिझ्झावर, एक नखांवर. माझा विनोद पडला की मला गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू येतो, आणि तिची गाडी बॅटरीवरची आहे, तिला तर आवाजही नाही. वाटेत इंडियन ग्रोसरीपाशी तिनं गाडी लावली, कोथिंबीर घ्यायची होती. पण उतरली नाही. स्टिअरिंगला दोन्ही हात धरून बसली.

"आबा, घर बघत होतो ना आम्ही, तेव्हा खाली बेडरूम-बाथरूम असलेलंच पाहिजे म्हणून सगळा हिवाळा फिरलो. एक घर ह्यांना फार आवडलं होतं. मागं तळं होतं. खाली बेडरूम नव्हती म्हणून सोडलं."

मी म्हटलं, "मला तर तू म्हणालीस गेस्ट रूम आहे."

"तसं म्हटलं नसतं तर तुम्ही आला असता?"

मी सीटबेल्ट काढला आणि परत लावला.

"दोन वर्षं मी म्हणतेय, चार दिवस आलेत. दादाला म्हणते, मंडळात म्हणते, तुम्हाला म्हणते. म्हटलं, म्हणू दे, राहतायत ना. पण आता ते लिहून द्यायचं, आबा? तुम्ही माझ्याकडे राहत नाही म्हणून सही करायची?"

मी म्हटलं, थांब, मी कोथिंबीर आणतो, आणि दुकानात गेलो. आत बराच वेळ उभा होतो. बाहेर आलो तेव्हा हातात पालक होता. तिनं पिशवीत बघितलं आणि काही म्हटलं नाही, त्यावरून मला कळलं की ती अजून रागावलेली आहे. एरवी ती मला परत पाठवते.

घरी येऊन मी माझ्या खोलीत बसलो आणि पहिल्यांदा ती खोली नीट बघितली. पलंग उंच घेतलेला, म्हणजे उठताना गुडघ्याला त्रास नको. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडा. तो दांडा मी दोन वर्षं धरतोय. मला वाटायचं अमेरिकेत सगळ्या बाथरूममध्ये असतो. पोराच्या घरी तो नव्हता, पण मी म्हटलं असेल तिकडच्या राज्यात वेगळं. एवढं माझं डोकं. जावयाचं तळं माझ्या गुडघ्यासाठी गेलं आणि मी त्या घरात बसून सांगतोय की मी आपला आलोय जरा.

आणि भीती कशाची होती, तेही सांगतो. अल्फारेटात पोराचा मोठा गोतावळा आहे. शनिवार-रविवार याच्याकडं नाहीतर त्याच्याकडं जेवणं असतात, आणि तिथं पोरगा सगळ्यांना सांगतो की आबा माझ्याकडे असतात. मी तिथं गेलो की मीही मान हलवतो. मी इथला झालो तर तिथले लोक विचारणार, काय रे, वडील का गेले? बायकोशी पटलं नाही का? सुनेबद्दल कुणी असं बोललेलं मला चालणार नाही. ती माझ्यासाठी भाकरी शिकली. गोल येत नाही, पण शिकली. म्हणून मी आपला दोन्हीकडं मान हलवत बसलो होतो. दोघांनाही बरं वाटावं म्हणून. प्रत्यक्षात एकाला खोटं बरं वाटत होतं आणि दुसरीला खरं वाईट.

मी ठरवायला वेळ लावत नाही. चुकायलाही लावत नाही. संध्याकाळी जावईबापू डिशवॉशरमध्ये भांडी लावत होते. ते नागपूरचे. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, जावईबापू, एक विचारायचं होतं. मी इथं कायमचा राहिलो तर तुम्हाला चालेल का?

त्यांनी हातातली कढई तशीच धरली. "आबा, तुम्ही तर राहूनच राहिले ना इथं. आता काय नवीन?"

"नाही, म्हणजे सरकारी."

"अच्छा, सरकारी," ते म्हणाले. "मग ती कढई वरच्या खणात नका ठेवत जाऊ. माझ्या डोक्यात पडते."

एवढीच आमची बोलणी झाली. लेक जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी बघितल्यावर वर गेली.

राहिला पोरगा. रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल असतो. दोन्ही नातू आधी येऊन हाय आबा म्हणून जातात, मग तो बसतो. मी आधी हवेचं विचारलं. मग त्याच्या गाडीच्या टायरचं विचारलं. मग शेजाऱ्याच्या कुत्र्याचं. त्यानं विचारलं, आबा, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, आणि सांगितलं.

"मी इथला रेसिडेंट म्हणून भरतोय. पूर्ण वर्षाचा."

तो थोडा वेळ पडद्यावर नुसता दिसत होता. मला वाटलं इंटरनेट गेलं. मी फोन हलवला.

"हलवू नका, आहे मी," तो म्हणाला. "तिनं सांगितलं का असं करायला?"

"तिनं काय सांगायचंय. मी राहतो इथं."

"आबा, मी सगळ्यांना सांगतो तुम्ही माझ्याकडे असता."

"मीही तेच सांगतो. दोघांनी मिळून सांगितलं म्हणून ते खरं होत नाही ना रे."

मग त्यानं काय केलं, तर कॉम्प्युटरवाला माणूस, तो तारखांवर आला. म्हणाला, पार्ट-इयर करता येतं. थोडे महिने इकडचे, थोडे तिकडचे. जानेवारी माझ्याकडे धरू. मी म्हटलं, जानेवारीत मी इथंच होतो, तू मला व्हॅनच्या नोकरीसाठी बूट पाठवले होतेस. म्हणाला, मग मुंजीचा आठवडा. मी म्हटलं, तो तर हॉलवरच गेला. मग तो जरा हळू म्हणाला, "दिवाळीचे दिवस तरी?"

मार्केट यार्डात मी आयुष्यभर घासाघीस ऐकली. कुणी असा माल मागताना बघितलं नव्हतं. एवढा मोठा हुद्द्यावरचा माणूस, त्याच्या हाताखाली किती जण आहेत ते मला मोजता येत नाही, आणि तो बापाचे पंधरा दिवस मागत होता. मला वाटलं देऊन टाकावेत. काय जातंय? तोंडात हो आलंही होतं. पण मी एवढी वर्षं हो म्हणत आलो त्याचंच हे सगळं झालं होतं.

"दिवाळीला मी तुझ्याकडे आलो होतो," मी म्हटलं. "राहायला नव्हतो आलो रे. तिथं मला चहाची साखर कुठं असते ते विचारावं लागतं."

"मग तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं."

"हो. पाहिजे होतं."

"मी तिकडे कमी पडलो का काही?"

"जिना पडला," मी म्हटलं. "तू नाही. जिना आणि माझे गुडघे. आणि इथं मला दिवसभर काम आहे, म्हाताऱ्यांना माझ्याशिवाय वाट सापडत नाही. मलाही सापडत नाही, पण गाडी माझ्याकडे असते. लोकांना सांग, आबा नोकरीला लागलेत दुसऱ्या राज्यात. तुम्ही पोरं नाही का गेलात, तसा मी गेलो."

तो हसला. मनापासून नाही, पण हसला. लोकांना हे चांगलं सांगता येईल, असं म्हणाला. मग म्हणाला, जॉर्जियाचं मी काढून टाकतो मग, आणि काहीतरी बटण दाबल्याचा आवाज आला. मला तो आवाज आवडला नाही. पण मी तोंड हसरं ठेवलं, कारण फोनमध्ये माझंच तोंड कोपऱ्यात दिसत होतं आणि ते फार बावळट दिसत होतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा कॅरीला गेलो. बाईंनी विचारलं, काय ठरलं काका? मी म्हटलं, फुल. त्यांनी खात्री करायला विचारलं, पूर्ण वर्ष, नॉर्थ कॅरोलायना, पत्ता मुलीचा? लेक माझ्याकडं बघत नव्हती, चिक्कीच्या बशीकडं बघत होती.

"पत्ता माझा," मी म्हटलं. "मुलगी पण तिथंच राहते."

बाईंनी टाइप केलं. कागद फिरवून मला वाचून दाखवला, कुठं सही करायची ते दाखवलं. सही मी चांगली करतो, सहावीत दुसरं काही केलंच नाही. लेक उठून बाहेर गेली, म्हणाली गाडी काढते. गाडी समोरच होती, दारापासून पाच पावलांवर. पण मी तिला काढू दिली. बाहेर आलो तेव्हा तिनं डोळे पुसले होते आणि मला म्हणाली, लायसन्सही बदलायचं आता, ताईंनी सांगितलंय, तुम्ही आधीच बदलायला हवं होतं. मी म्हटलं, बदलू. इथल्या खांबांनाही माझी ओळख होऊ दे.

त्याच महिन्यात एका शुक्रवारी पोरगा गाडी घेऊन आला. एकटाच. माझा कोट, स्वेटर, पांघरूण, पितळी तांब्या, माझी वर राहिलेली सगळी चीजवस्तू त्यानं आणली होती. खोक्यावर कागद चिकटवून आत काय आहे ते लिहिलं होतं, ऑफिससारखं. तो आणि जावईबापू खोकी आत नेत होते आणि मी मधे उभा राहून दोघांना अडचण करत होतो. शेवटी पोरगा माझ्या पलंगावर बसला. दांडा बघितला, पलंगाची उंची बघितली. बहिणीला काही बोलला नाही, पण तिनं चहा आणला तेव्हा तिच्या हातातला ट्रे त्यानं घेतला.

मला म्हणाला, "आईचा फोटो नाही आणला."

"नको आणू. तो तुझ्याकडं राहू दे."

"आणि खोली तशीच ठेवतो तुमची."

मी जरा विचार केला. तशीच ठेवली तर वर जाताना रोज त्याला ती रिकामी दिसणार. म्हटलं, "ठेवू नको. पोरं जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतात, वह्यांना आमटी लागते. तिथं त्यांना मोठं टेबल टाक. मी आलो की खाली सोफ्यावर झोपेन, मला जिना नको."

तो रविवारी गेला. मधे बरेच दिवस खोलीचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. मग एका संध्याकाळी फोनवर फोटो आला. पांढरं लांब टेबल, दोन खुर्च्या, धाकटा नातू पाठमोरा बसलेला. टेबल त्यानं भिंतीला लावलं होतं. मी लगेच फोन करून सांगितलं की खिडकीपाशी लाव, पोरांना उजेड मिळेल. तो बरं म्हणाला. नंतर आलेल्या सगळ्या फोटोंत टेबल भिंतीलाच आहे.